फोटोंच्या पेटीतलं कोल्हापूर

कोल्हापूरला येणारी पाहुणेमंडळी ठरलेला फेरा मारून जातात. अंबाबाईचं दर्शन, न्यू पॅलेस, संध्याकाळी रंकाळ्यावर भेळ, जमलं तर पन्हाळा-जोतिबा आणि जाताना चपलांचा जोड, गुळाची ढेप, कांदा-लसूण चटणीचा डबा. फेरा चांगलाच आहे, मीही माहेरच्या माणसांना तोच घडवते. पण मैत्रिणींनो, आज तुम्हाला जे कोल्हापूर दाखवायचं आहे ते कोणत्याही टूरच्या गाडीतून दिसायचं नाही. ते आमच्या माळ्यावर एका पत्र्याच्या पेटीत, जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून ठेवलेलं होतं.

माझं माहेर बार्शीचं. लग्न होऊन कोल्हापुरात आले त्याला आता चौदा वर्षं झाली. सकाळी एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते, उरलेला वेळ घरचा. सासूबाईंनी यंदा पंचाहत्तरी गाठली. प्रकृती ठणठणीत, पण डोळ्यांच्या पडद्याला त्रास सुरू झाला आहे. समोरच्या माणसाचा चेहरा नेमका मध्यभागी धूसर होतो, कडेचं तेवढं दिसतं. डॉक्टरांचं म्हणणं असं की आहे ती नजर टिकवायची, गेलेली परत आणता यायची नाही. त्या दिवशी घरी आल्यावर मला पहिली आठवण झाली ती त्या पेटीची. आत शे-दीडशे फोटो, आणि त्यातली निम्मी माणसं ओळखणाऱ्या घरात त्या एकट्याच. त्यांची नजर गेली की फोटो राहतील, पण ती माणसं कोण हे सांगायला कुणी राहणार नाही.

बंगळूरला असलेल्या नणंदबाईंनी आपल्या नातवंडाच्या बारशाचं छापील पुस्तक करून घेतलं होतं. फोटो संगणकावरून एका कंपनीकडे पाठवायचे, पानं आपणच मांडायची, आणि आठ-दहा दिवसांत जाड पुठ्ठ्याच्या बांधणीचं पुस्तक घरपोच येतं. लग्नाचा करिझ्मा अल्बम आपल्याला ठाऊक आहे, त्याचंच हे हलकं, सुटसुटीत आणि स्वस्त भावंडं म्हणा. मनात आलं, आपणही करावं. तीन इंची फोटोतला चेहरा सासूबाईंना दिसत नाही, पण तोच पानभर छापला तर दिसेल. त्यांचं कोल्हापूर, त्यांच्या शब्दांत, त्यांना दिसेल एवढ्या आकारात.

कोल्हापूरला फोटोचं अप्रूप आजचं नाही. खरी कॉर्नरला कॅमेऱ्याचा स्मृतिस्तंभ आहे. आपण भाजीची पिशवी घेऊन त्याच्या शेजारून जातो आणि मान वर करून बघत नाही. या गावात आनंदराव आणि बाबूराव या पेंटर बंधूंनी सिनेमाचा कॅमेरा स्वतः बनवायचं मनावर घेतलं. आनंदराव १९१६ साली वारले. बाबूरावांनी दामल्यांच्या मदतीने काम तडीस नेलं, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आला. पैशाची अडचण होती तेव्हा मदतीला धावल्या त्या गायिका तानीबाई कागलकर. आधी 'राजा हरिश्चंद्र' मध्ये तारामतीचं काम पुरुषाने केलं होतं, 'सैरंध्री'त मात्र बायकांची कामं बायकांनीच केली. सिनेमाची माहिती आणि फोटो घातलेल्या छापील पुस्तिका काढायची पद्धतही बाबूरावांनीच सुरू केली असं सांगतात. म्हणजे फोटोंची पुस्तकं कोल्हापूरने शंभर वर्षांपूर्वीच छापली म्हणायची!

मी कामाला लागले ती दिवाळीच्या सुट्टीत. रोज दुपारी सासूबाईंना खिडकीपाशी बसवायचं, एक फोटो हातात घ्यायचा, मोबाइलवर मोठा करून दाखवायचा, आणि त्या सांगतील ते वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी लक्षात आलं की माणसांइतकाच त्या जागांबद्दल सांगतात. मग ठरवलं, जुन्या फोटोसमोरच्या पानावर त्याच जागेचा आजचा फोटो घालायचा, शक्यतो त्याच बाजूने काढलेला. अशा रीतीने चौदा वर्षांत न पाहिलेलं कोल्हापूर मी महिनाभरात पाहिलं.

सुरुवात महाद्वार रोडपासून. १९७० साली लग्न झाल्यावर तिसऱ्या दिवशी सासूबाई-मामंजींनी याच रस्त्यावरच्या एका स्टुडिओत फोटो काढून घेतला होता. मागे रंगवलेला पडदा, पडद्यावर जिना आणि कुंडी, मामंजी खुर्चीत बसलेले आणि सासूबाई बाजूला उभ्या. "उभारून उभारून पाय दुखायला लागले, पण हलायचं न्हाई म्हणाला तो," असं त्या सांगतात. तो स्टुडिओ आता नाही. जागा कोणती हे एका जुन्या कापडवाल्याने दाखवलं. तिथे मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. मी त्याचाच फोटो काढला. दुकानातल्या पोराला कारण सांगितलं तर त्याने आपली कव्हरं बाजूला सारून जुनी दगडी चौकट दिसेल अशी जागा करून दिली.

तिथून देवळात गेले. नोव्हेंबरचे ते दिवस, किरणोत्सवाचे. वर्षातून दोनदा, नोव्हेंबरात आणि जानेवारीच्या शेवटाला, मावळतीचे किरण महाद्वारातून आत येतात. कधी देवीच्या पायाशी, कधी कमरेपर्यंत, आणि आभाळ निरभ्र असेल तर चेहऱ्यापर्यंत. सासूबाईंनी नवी नवरी असताना तो पहिल्यांदा पाहिला. गाभाऱ्याचा फोटो काढायचा नसतोच, त्यामुळे पुस्तकात त्या पानावर मी फक्त त्यांनी सांगितलेल्या चार ओळी घातल्या आणि बाहेरच्या दीपमाळेचा फोटो.

रंकाळ्याला गेले ती सकाळी लवकर, फिरायला येणाऱ्यांच्या गर्दीआधी. १९७३ च्या फोटोत मामंजींनी थोरल्या दिरांना खांद्यावर घेतलं आहे आणि मागे पाण्यात संध्यामठ दिसतो. पावसाळ्यात हा मठ पाण्यात बुडलेला असतो, पाणी उतरलं की दगडी खांब वर येतात. मी गेले तेव्हा खालचा भाग अजून पाण्यातच होता. फोटोतही तेवढाच दिसतो. यावरून तो फोटोदेखील पावसाळ्यानंतरचा असावा असं मी सासूबाईंना म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "दिवाळीच होती. मुलाच्या अंगात नवा सदरा हाय बघ."

केशवराव भोसले नाट्यगृहासमोर मात्र पाय अडखळले. शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं, पूर्वी पॅलेस थिएटर म्हणून ओळखलं जाणारं हे नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. त्या रात्री गावात कितीतरी घरी लोक जागे होते, आमच्याकडेही होते. नंतर पुनर्बांधणीचं काम हाती घेतलं गेलं, पण जळालेली ती रंगभूमी जुनीच हवी होती असं प्रत्येकाला वाटतं. सासूबाईंकडे १९७८ चा एक फोटो आहे. महिला मंडळाचं नाटक, तोच रंगमंच, आणि फेटा बांधून पाटलाचं काम करणाऱ्या आमच्या सासूबाई! हा फोटो मी आधी पाहिलाच नव्हता. "सासऱ्यांना कळू दिलं नव्हतं," एवढं बोलून त्या जोरात हसल्या. पुस्तकात हा फोटो मी दोन पानं भरून घातला.

पन्हाळ्याच्या तीन दरवाजापाशी १९८३ ची सहल आहे. तो आता कडेच्या कोरीव कामासकट तसाच्या तसा उभा आहे. २०२५ च्या जुलैत पन्हाळा जागतिक वारशाच्या यादीत गेला, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून. जुना आणि नवा फोटो शेजारी ठेवला तर दगडात काही फरक नाही, फक्त जाळीचा फ्रॉक घातलेल्या बाळाच्या जागी माझी मुलगी जीन्समध्ये उभी आहे.

आता मुख्य गोष्टीकडे येते. पेटी रिकामी झाली तेव्हा वहीत एक जागा रिकामीच होती. सासूबाईंनी दोन-तीनदा विचारलं, "दसऱ्याचा न्हाई का गं त्यात?" १९७६ च्या दसऱ्याला शुक्रवार पेठेतल्या जुन्या घरात फोटोग्राफरला बोलावून सगळ्या कुटुंबाचा फोटो काढला होता. त्यात सासूबाईंच्या मांडीवर त्यांची मुलगी आहे, दीड वर्षाची. ती पुढच्या पावसाळ्यात तापाने गेली. तिचा तेवढा एकच फोटो. आणि तो मोठ्या अल्बममध्ये होता, आणि तो अल्बम २००९ च्या वाटणीत जुन्या घराबरोबर थोरल्या दिरांकडे राहिला.

वाटणी म्हटलं की काय काय होतं हे मी सांगायला नको. मी या घरात यायच्या दोन वर्षं आधीची गोष्ट. तेव्हापासून येणं-जाणं लग्नकार्यापुरतंच. सासूबाईंनी एवढ्या वर्षांत त्या फोटोचं नाव काढलं नव्हतं. आणि नवऱ्याला सांगितलं असतं तर तो "बघू" म्हणाला असता, म्हणून मी एकटीच निघाले.

शुक्रवार पेठ म्हणजे पंचगंगेच्या काठचा भाग. नदी राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांवर आली की इशारा आणि ४३ फुटांवर धोका. २०१९ च्या ऑगस्टात ती ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ च्या जुलैत ५६ फुटांपर्यंत. आमच्या राजारामपुरीत आम्हाला फक्त पिण्याच्या पाण्याची टंचाई झाली, इथे मात्र घरात पाणी शिरलं. भिंतीवर पुराची खूण अजून दिसते, माझ्या डोक्यापेक्षा वर. मी दाराशी थांबले तर थोरल्या जाऊबाई आतूनच म्हणाल्या, "दारात का उभारलीस? आत ये की."

चहा झाला. मी भीत भीत कारण सांगितलं. जाऊबाई काही बोलल्या नाहीत. उठल्या, आणि कपाटाच्या वरच्या खणातून एक प्लास्टिकची पिशवी काढून माझ्या पुढ्यात ठेवली. आत एक कडक झालेला गठ्ठा. अल्बमच होता, पण पानं, फोटो, चिखल सगळं एक झालेलं. "दोन हजार एकोणीसचा आहे. टाकून द्यायला काढला होता, हात होईना," त्या म्हणाल्या. "आईंना कुठल्या तोंडानं सांगायचं, म्हणून आलेच नाही त्यानंतर."

मला पूरग्रस्त फोटोंचं थोडं वाचलेलं होतं, म्हणून म्हटलं, ताई, करून तर बघू. परात घेतली, त्यात गार, स्वच्छ पाणी. गरम पाणी चालत नाही, साबणही नको. गठ्ठा हळू पाण्यात सोडला आणि बसून राहिलो. ओढायचं नाही, एवढाच नियम. कागद आपणहून सुटायला लागला की कडेने बोट सरकवायचं. चित्राच्या बाजूला बोट लावायचं नाही, ओली शाई-रंग लगेच निघतात. सुटलेला फोटो दुसऱ्या परातीत नुसता बुडवून काढायचा आणि सावलीत, स्वच्छ कापडावर, चित्र वर करून पसरायचा. उन्हात ठेवला तर वाकडा होतो. दुपारची चार वाजता बसलो ते दिवेलागणीपर्यंत. जाऊबाई फोटो सोडवत होत्या आणि बोलत होत्या. वाटणीबद्दल एक शब्द नाही. सासूबाईंनी त्यांना पहिल्या बाळंतपणात कसं जपलं, हेच.

सव्वीस फोटोंपैकी अकरा सुटले. काळे-पांढरे बहुतेक टिकले, रंगीत बरेच गेले. दसऱ्याचा फोटो सर्वांत शेवटी, तळाच्या पानावर. डाव्या बाजूची चार माणसं पुसून गेली होती, थोरल्या आजेसासऱ्यांचा नुसता फेटा उरला. पण मधोमध सासूबाई होत्या, आणि मांडीवर ती. चेहरा फिकट झालेला, डोळे मात्र स्पष्ट. जाऊबाईंनी तो हातावर घेतला आणि त्या म्हणाल्या, "मी पण येते तुझ्याबरोबर."

रात्री सासूबाईंना मोबाइलवर तो चेहरा स्क्रीनभर करून दाखवला. त्यांनी मान तिरकी केली, कडेने दिसतं म्हणून. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाल्या, "डोक्याला कुंची आहे ती मी शिवलीय. निळ्या सॅटिनची." आणि मुलीचं नाव सांगितलं. चौदा वर्षांत ते मी पहिल्यांदा ऐकलं. "खाली लिही," त्या म्हणाल्या. जाऊबाईंनी वहीत आपल्या हातानं लिहिलं.

आता ज्यांना असं पुस्तक करायचं मनात आलं असेल त्यांच्यासाठी चार कामाच्या गोष्टी. लहान जुने फोटो झेरॉक्सच्या दुकानात स्कॅन करताना सहाशे डीपीआयवर करा असं आवर्जून सांगावं. छपाईला एका इंचात तीनशे ठिपके लागतात, त्यामुळे तीन इंचाचा फोटो सहा इंचाचा केला तरी तो फुटत नाही. घरी मोबाइलने काढायचा तर खिडकीपाशी, थेट ऊन नको, फ्लॅश बंद, आणि मोबाइल फोटोला अगदी समांतर. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, काचेवरूनच टिपून घ्यावा. नातेवाइकांकडून व्हॉट्सअॅपवर मागवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगावं, नाहीतर त्याचा दर्जा उतरतो.

पानं मांडताना एका पानावर फार तर तीन फोटो. कडेपासून थोडी जागा सोडावी, कापताना डोकी जातात. दोन पानांवर पसरलेल्या फोटोत कुणाचा चेहरा मधल्या घडीत येऊ देऊ नये. पिवळी खूण आली तर समजावं, हा फोटो एवढा मोठा छापण्याजोगा नाही. पडद्यावर दिसतं त्यापेक्षा छपाई जरा काळपट येते, म्हणून जुने फोटो किंचित उजळ करून घ्यावेत. आणि मराठी मजकुराचं सांगते. पुष्कळ ठिकाणी जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात. मी मजकूर मोबाइलवर वेगळा टंकून त्याचं चित्र करून घेतलं आणि ते फोटोसारखं पानात बसवलं. ऑर्डर देण्याआधी प्रत्येक पान एका दुसऱ्या माणसाकडून वाचून घ्यावं. आमच्याकडे हे काम जाऊबाईंनी केलं. ज्यांना हे संगणकाचं जमत नाही त्यांनी जवळच्या स्टुडिओत जावं. फोटो आणि नावांची यादी नेली तर तेही पान मांडून देतात.

आमचं पुस्तक चाळीस पानांचं झालं. खर्च एका प्रतीला दोन हजारांच्या आतबाहेर, म्हणजे एका बऱ्या साडीएवढा. तीन प्रती मागवल्या, एक आमच्याकडे, एक शुक्रवार पेठेत, एक बंगळूरला. दसऱ्याचा फोटो मधल्या पानावर आहे, पुसलेल्या बाजूसकट. ती बाजू कापून टाकूया असं छपाईवाल्याने सुचवलं होतं. सासूबाईंनी ऐकलं नाही. "माणसं होती तिथं," त्या म्हणाल्या. पुसलेल्या जागेखाली चौघांची नावं आहेत.

मूळ फोटोंचीही व्यवस्था लावली. चिकट पानांच्या अल्बममध्ये ते पुन्हा ठेवले नाहीत, कारण तो गोंद पुढे कागद खातो. प्रत्येक फोटो साध्या कागदात, पेटी तळमजल्यावर नको, माळ्यावर गच्चीच्या स्लॅबखाली तापणारी जागाही नको. मधल्या खोलीतलं कपाट बरं. आणि मागे नावं लिहायची ती मऊ पेन्सिलीने, बॉलपेनने नाही, त्याचे व्रण पुढे उमटतात.

पुस्तक नसेल करायचं तरी हे शेवटचं काम या रविवारी जरूर करा. घरातल्या वडीलधाऱ्या बाईंना खिडकीपाशी बसवा, चहा द्या, आणि पेन्सिल घेऊन शेजारी बसा.